उस्मानपुऱ्याच्या सायकलवाल्या आक्का

आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात आक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उस्मानपुऱ्यात मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकलचं दुकान होतं. माणूस पायरीशी आला की आक्का त्याच्या तोंडाकडे बघत नसत. आधी चपला-बूट, मग गुडघे, मग पोट आणि शेवटी तळहात. एवढी पाहणी झाली की विचारायच्या, "रोज कुठून कुठं जाणार?" याचं नीट उत्तर देता आलं नाही, तर "घरी जा, इचार करून या" असं सांगून त्या हातातल्या पान्याकडे वळत. चार दिवसांनी तो परत आला तर त्याला सायकल मिळे. मात्र त्याने मागितलेलीच मिळेल याची खात्री नसे.

आक्का साठीच्या पुढच्या, अंगाने बारीक आणि आवाजाने मोठ्या. साडीवर पुरुषी शर्ट, केसांना रुमाल बांधलेला, आणि कामाला बसताना बांगड्या काढून खिळ्याला अडकवलेल्या. त्यांचे यजमान चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. घराला हातभार म्हणून आक्कांनी तरुणपणी चार सायकली घेऊन तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. पोरं सायकली मोडून आणायची आणि मिस्त्री त्या आठ-आठ दिवस परत द्यायचा नाही. शेवटी एके दिवशी त्यांनी स्वतःच चाक खोललं. "खोलताना लई सोपं गेलं," त्या सांगायच्या. "बसवलं, तर बेअरिंगचे दोन छर्रे हातात उरले. ते कुठले, हे कळायला पंधरा दिवस लागले. तिथून पुढं माझ्या हातात कधी काय उरलं नाय."

गिऱ्हाईक ज्या बोलीत बोले त्या बोलीत त्या उत्तर देत. एकदा व्यायामशाळेत कमावलेल्या दंडांचा एक तरुण आला आणि म्हणाला, "आक्का, मेरेकू माउंटन बाइक होना."

"जाते किधर तुम रोज?"

"स्टेशन से क्रांती चौक. जॉब हय ना."

"बीच में पहाड किधर लगता?"

तो जरा विचारात पडला. "एक पूल हय," म्हणाला.

"पूल चढने को इत्ता जाडा टायर नक्को बेटा," आक्का म्हणाल्या. मग तीच माउंटन बाइक त्यांनी त्याच्यासमोर आडवी घातली आणि टायरवर बोट ठेवून सगळं समजावलं. या टायरला दात आहेत ते मातीत रुतायला. हँडल सरळ आणि रुंद, म्हणजे दगडांतून जाताना दोन्ही हातांनी सायकल धरून ठेवता येते. बसणारा पुढे वाकतो, त्यामुळे चढावर पुढचं चाक उचलत नाही. पुढचा शॉकअप दगडाचा धक्का गिळतो. "लेकिन सडक पे धक्का नय मिला, तो ये तुमारी ताकद गिलता," त्या म्हणाल्या. तो तरुण हिरमुसला, पण अर्ध्या तासाने साध्या बारीक टायरच्या सायकलवर बसून गेला. पुढे तो दर महिन्याला हवा भरायला यायचा आणि आक्कांना लांबूनच "पहाड नय मिला आक्का" म्हणून ओरडून सांगायचा.

माझी आणि आक्कांची ओळखही माउंटन बाइकनेच करून दिली. मी फुलंब्रीच्या एका शाळेत गणित शिकवते आणि राहते उस्मानपुऱ्यात. तेव्हा स्कूटरने जात-येत असे. हर्सूलच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. तिथे खडीवरून चाक घसरलं आणि माझं उजवं मनगट मोडलं. आत प्लेट टाकावी लागली. हाड तीन महिन्यांत जुळलं, पण भीती हटेना. मागून हॉर्न वाजला तरी हाताला घाम सुटायचा. स्कूटर विकून टाकली. शाळेत एसटीने जायला लागले. फळ्यावर चार गणितं लिहिली की मनगट दुखायचं, मग पाचवं मुलांपैकी कुणाला तरी लिहायला लावायचे. माझी ही दशा विनायकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला बघवेना. त्याने वाढदिवसाला मला न विचारता एक झगमगीत सायकल आणली. जाडजूड टायर, पुढेमागे शॉकअप, एकवीस गिअर. म्हणाला, "हिच्यावरून पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही."

पडले नाही हे खरं. पण तिसऱ्या दिवशी मनगट सुजलं, आणि रस्त्यावर त्या टायरची अशी घरघर चालायची की मागून येणारी गाडी मला ऐकूच येत नसे. त्या दिवशी संध्याकाळी मी मनाशी ठरवून टाकलं की आता दोन चाकांवर बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, विनायक कामावरून यायच्या आधी, सायकल हातात धरून चालत आक्कांच्या दुकानात गेले. विकायला ठेवा, एवढंच सांगायचं होतं.

आक्कांनी माझ्या चपला बघितल्या, गुडघे बघितले आणि मनगटावरच्या टाक्यांच्या व्रणापाशी थांबल्या.

"कवा मोडला?"

"सात महिने झाले."

"ही सायकल कुणी घेऊन दिली?"

"नवऱ्याने. वाढदिवसाला."

"चांगलाय नवरा," त्या म्हणाल्या. "सायकल वाईट नाय. तुमीबी वाईट नाय. सोयरीक चुकली."

मी म्हटलं, "मला दुसरी नकोच आहे. मला सायकलच नको."

 "बाई, शिकवता का?" आक्कांनी एवढंच विचारलं. माझ्या पदराला लागलेला खडू त्यांनी पाहिला होता. पर्समधून खडूचा एक तुकडा मागून घेतला, तो चुरून हँडलच्या दोन्ही मुठींवर चोळला आणि मला म्हणाल्या, "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. एकदाच. मग इकू."

मी गेले आणि आले. आक्कांनी माझे हात उलटे करून मला दाखवले. दोन्ही तळहात मनगटापर्यंत पांढरे झाले होते. "सगळं अंग हातावर टाकलंय तुमी. डोंगरात तसंच टाकतेत, त्याला इलाज नाय. पण तुमचा हात मोडलेला." मग भिंतीला टेकवलेली एक जुनी सायकल त्यांनी पुढे घेतली. तिचं हँडल उंच आणि मागे वळलेलं, सीट रुंद आणि खाली स्प्रिंग, मधला दांडा इतका खाली की पाय उचलायला नको. तिच्या मुठींना खडू लावून मला पुन्हा पाठवलं. या वेळी फक्त बोटं पांढरी झाली.

"हिला कम्फर्ट म्हणतेत," आक्का म्हणाल्या. "पाठ ताठ, वजन सगळं बुडावर. बूड मोडत नाय."

मी हसले. पडल्यापासून सायकल-स्कूटरच्या नावाने मी पहिल्यांदाच हसत होते. ती जुनी सायकल मात्र आक्कांनी मला दिली नाही. ती पेन्शनीत निघालेल्या एका आजोबांची होती आणि नुसती तेलपाण्याला आली होती. "आठ दिवस थांबा, तुमची येती," म्हणाल्या. माझी माउंटन बाइक त्यांनी आत ओढून घेतली.

आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. दुकानात राठोड नावाचे एक वनरक्षक बसले होते. नेमणूक फर्दापूरच्या पुढच्या डोंगरात, बायकामुलं शहरात. त्यांच्याजवळ एक देखणी हायब्रीड सायकल होती. कुठल्याशा दुकानात त्यांना सांगितलं होतं की हायब्रीड म्हणजे कुठेही चालते. ती डोंगरात महिन्याला एक रिम वाकवत होती. एसटीच्या टपावर टाकून ते ती दर वेळी आक्कांकडे आणत.

"हायब्रीड कुठंबी चालती," आक्का त्यांना सांगत होत्या, "पण सगळीकडं सारखी चालत नाय. तुमच्या तांड्यावर ज्वारी करता ना? हायब्रीड करता का गावरान?"

राठोड म्हणाले, "दोन्ही. हायब्रीडची भाकर चवीला नाय लागत आक्का."

"पण पोतं भरतं का नाय? तसंच हे. शर्यतीच्या सायकलचं मोठं, हलकं चाक घेतलं, अन् डोंगरवालीचं सरळ हँडल घेतलं. टायर ना जाड ना बारीक. गावात, सडकंवर, थोड्या कच्च्या वाटंवर हिच्यासारखी दुसरी नाय. पण तुमच्या दगडावर हिचा निभाव लागायचा नाय." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "या बाईंच्या दारात डोंगर नाय अन् सायकल डोंगराची. तुमच्या दारात डोंगर अन् सायकल शहराची. अदलाबदल करा."

राठोडांनी माझी सायकल गल्लीत एक चक्कर फिरवून आणली, आणि उतरताना तिच्या टायरवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. व्यवहार तिथेच झाला. त्यांच्या हायब्रीडची मात्र आक्कांनी पुरती कळा बदलली. हँडलची मान काढून लांब मान बसवली, तिच्यावर मागे वळलेलं उंच हँडल चढवलं आणि खाली रुंद सीट घातली. मी बसले तेव्हा पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटलं. आक्का म्हणाल्या, "झाली कम्फर्ट. दर महिन्याला दाखवून न्यायची. ही अट."

पहिला आठवडा मी गल्लीतच फिरले. मग पीर बाजारापर्यंत, मग स्टेशनपर्यंत. विनायक सुरुवातीला थोडा खट्टू झाला होता, पण मी भाजी आणायला सायकल काढतेय म्हटल्यावर त्याने ते सोडून दिलं. दर महिन्याला मी नेमाने आक्कांकडे जायचे. त्या तेल घालत, ब्रेक तपासत आणि हटकून म्हणत, "बाई, समोरून दोन चहा सांगून या." चहा सांगून यायला पाच-सात मिनिटं लागत. तेवढ्यात काम झालेलं असे.

त्यांची स्वतःची सायकलही दुकानाच्या दारात उभी असायची. दांडा एका सायकलचा, मागचं चाक दुसरीचं, सीट भलत्याच तिसरीची, पुढे बास्केट म्हणून तेलाचा कापलेला डबा. एकदा मी विचारलं, "आक्का, तुमची ही कुठल्या प्रकारात बसते?" त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "ही व्हय? ही माझ्या प्रकारात बसती," म्हणाल्या. तोपर्यंत मला वाटायचं की आक्का सायकलींच्या जाती ओळखतात. त्या दिवशी कळलं, त्या माणूस ओळखतात आणि मग त्याच्या बेताची सायकल करून देतात.

वर्षभर असं चाललं. एका रविवारी सकाळी मी छावणीच्या रस्त्याला फिरत होते. हेल्मेट घातलेले चारपाच सायकलवाले तिथे थांबले होते. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, हायब्रीड मस्त ठेवलीय."

"कम्फर्ट आहे ही," मी म्हटलं.

"कम्फर्ट कशी? हँडल बघा ना. सीटपेक्षा जेमतेम दोन बोटं वर आहे."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. घरी येऊन विनायकच्या मोबाइलमधला पहिल्या दिवसाचा फोटो उघडून पाहिला. त्यात मी ताठ बसले होते आणि हँडल माझ्या पोटाच्याही वर होतं. आता हँडल कितीतरी खाली होतं, आणि मागे वळलेलं नसून जवळजवळ सरळ होतं. सीटही बदलली होती, अरुंद आणि कडक. वर्षभर मी त्या सीटवर बसत होते आणि मला पत्ता नव्हता.

मी तशीच दुकानात गेले. आवाज चढवूनच विचारलं, "आक्का, तुम्ही माझ्या सायकलला काय केलंत?"

त्या एका ट्यूबला सोल्युशन लावत होत्या. फुंकर मारून ते वाळू दिलं आणि म्हणाल्या, "दर महिन्याला थोडं खाली घेतलं. वरसात वीतभर. मधी हँडल बदललं, तवा तुमी चहा सांगायला गेल्या अन् तिथंच कुणाशी बोलत बसल्या, बरं झालं. दिवाळीनंतर सीट बदलली."

"मला सांगायला हवं होतं. हात माझा आहे."

"हात तुमचाच हाय. त्याला थोडं थोडं वजन पेलायला लावलं. सांगितलं असतं तर दुखला असता."

मला राग आला होता आणि तो लगेच गेला नाही. माझ्या अंगाशी कुणी मला न विचारता खेळलं, ही गोष्ट लहान नव्हती. नवऱ्याने न विचारता सायकल आणली तर सोयरीक चुकली म्हणायचं, आणि स्वतः मात्र हे करायचं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. आक्कांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ते बराबर बोलला तुमी. माझं चुकलं. उंच पाहिजे का परत? पंधरा मिनिटाचं काम हाय."

मी सायकल घेऊन निघून आले. आठ दिवस दुकानाकडे फिरकले नाही. पण त्या आठ दिवसांत माझं लक्ष मनगटावरच होतं. ते दुखत नव्हतं. फळ्यावर मी पूर्ण तास लिहीत होते, आणि कधीपासून लिहीत होते हे मला सांगता येत नव्हतं.

नवव्या दिवशी गेले. हँडल वर करायला नाही सांगितलं. म्हटलं, "आक्का, फुलंब्रीला शाळेत सायकलने जाता येईल का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडाकडे. "चौक्याचा घाट लागतोय," म्हणाल्या. "चढाच्या आधीच गिअर हलका करा, चढावर नाय. अन् उतरून ढकलायची लाज धरू नका. ढकललेली सायकलबी पोचती."

शनिवारी सकाळची शाळा असते. फटफटायला लागल्यावर निघाले. हर्सूलच्या पुढे, जिथे पडले होते, तिथे आता नवा रस्ता झाला होता. नेमकी जागा शोधूनही सापडली नाही. घाटात मी दोनदा उतरून ढकलली. शाळेच्या फाटकातून आत गेले तेव्हा प्रार्थना सुरू होती, म्हणून कुणाला काही बोलता आलं नाही. पण अख्ख्या पाचवीच्या रांगेच्या माना वळल्या. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी उशिराची खूण केली नाही. आक्कांना फोन करून सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "चेनचा आवाज येतोय का?"

पुढच्या वर्षी ती गल्लीच्या तोंडाची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. दुकान रिकामं करावं लागलं. यजमान कामावरून निवृत्त झाले होते, त्यामुळे दोघं गावी गेले. गाव फुलंब्रीपासून दोन-तीन किलोमीटरवर. शेवटच्या दिवशी गल्लीतली बरीच माणसं गोळा झाली. स्टेशन ते क्रांती चौक करणारा तो तरुणही आला होता आणि सगळ्यात जास्त सामान त्यानेच टेम्पोत चढवलं.  आक्कांनी खिळ्यावरच्या बांगड्या घातल्या, शटर ओढलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "तुझ्या मागच्या चाकात हवा कमी हाय. आधी ती भर."

गाव माझ्या शाळेच्या जवळ आलं, हे माझ्या पथ्यावर पडलं. शनिवारी शाळा सुटली की मी सायकलने त्यांच्याकडे जायचे. घराच्या ओट्यावर त्यांनी चार पाने मांडले होते आणि गावातल्या सायकली तिथे येऊन टेकत. पण त्यांचे डोळे उतरत चालले होते. काचबिंदू झाला होता. कडेचं दिसत नसे, मग समोरचंही पुसट होऊ लागलं. या गोष्टीचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. "कान हायेत की," म्हणायच्या.

एका शनिवारी माझं पुढचं चाक डुगडुगायला लागलं. कुठल्याशा खड्ड्यात आपटलं होतं आणि दर फेऱ्याला ब्रेकला घासत होतं. ओट्याशी पोचायच्या आधीच आतून आक्कांचा आवाज आला, "चाकात आऊट आलाय बाई, वाकडं फिरतंय."

मी म्हटलं, "काढून द्या ना."

"मला चाकातल्या तारा दिसत नाय. तुमी काढा." त्यांनी चाचपून तारांचा पाना माझ्या हातात दिला.

मी आयुष्यात सायकलला पाना लावला नव्हता. सायकल उलटी उभी केली. आक्का माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. चाक फिरवायचं, घासलं की थांबायचं, घासतंय त्याच्या उलट बाजूची तार पाव फेरा आवळायची. मी पाना उजव्या हातात धरला. आक्का नुसत्या ऐकत होत्या. "जास्ती झालं, सोडा जरा." "आता पुढची." "ती नाय, तिच्या शेजारची." चाक फिरत होतं, घासत होतं, परत थांबत होतं. एकदा मी चिडून म्हटलं की माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी ऐकलंच नसल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "फिरवा."

तासाभराने घासणं थांबलं. आक्कांनी चाकाच्या जवळ कान नेला. ते स्वतःशीच गरगर फिरून शांत होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"थोडा हाय अजून," म्हणाल्या. "पण ब्रेकला घासत नाय. तेवढं बास असतंय. चला, चहा टाकते."

आक्का गेल्या त्याला आता सहा महिने होतील. झोपेतच गेल्या. राठोड फर्दापूरहून आले होते, गल्लीतली माणसं आली होती आणि अंगणात उभ्या केलेल्या सायकलींना जागा पुरली नव्हती. मी अजून शनिवारी सायकलनेच फुलंब्रीला जाते. पुढच्या चाकात तो बारीक आऊट तसाच आहे. शहरात सर्व्हिसिंगला टाकली की तिथला कारागीर हमखास विचारतो, "मॅडम, हा काढून देऊ का?" मी म्हणते, राहू दे.